नाकतोड्याच्या कुळातला जावई

माझं पोट हे माझ्या धंद्याचं भांडवल आहे. आठवडाभर मी मुलींच्या शाळेत साहित्य शिकवतो, त्याने ते भरत नाही. शनिवारी लोकांच्या मागण्या घालतो, त्याने ते सुटलं आहे.

आमच्या बुगांडात, म्हणजे कंपालाभोवतीच्या मुलखात, मुलीच्या घरी मागणी घालायला जाताना नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं. पुढच्या आयुष्याची ती रंगीत तालीम असते. तो पाहुण्यांच्या घोळक्यात मुकाट बसतो आणि त्याच्या वतीने बोलायला भाड्याने वक्ता नेतात. तो मी. जुळ्यांचा बाप असल्यामुळे सगळे मला सालोंगो म्हणतात. मुलीकडूनही कुणीतरी बोलायला उभं असतं. आम्ही दोघं दुपारभर एकमेकांना टोमणे मारतो, सुबक खोटं बोलतो, रीत चुकली की दंड भरतो आणि शेवटी मुलगी मिळते. मी मागितलेली मुलगी मिळाली नाही असं आजवर झालेलं नाही. मिळाल्याचा पश्चात्ताप पुढे काही ठिकाणी झाला म्हणतात, पण तो माझ्या कामात धरलेला नसतो.

पावसाळा सुरू होता तेव्हा कालिबालाकाका पुतण्याला घेऊन माझ्याकडे आले. पुतण्याचं नाव मुगालुला. वय अठ्ठावीस, कंपालात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. बाप लहानपणीच गेला, काकांनी वाढवला. मुलगी मसाकाकडची, नान्तेझा. दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलेलं. आता फक्त जगाने पसंत करायचं बाकी होतं.

"सालोंगो, पोरगं बघितलंत?" काका म्हणाले.

"बघितलं."

"काय दिसतं?"

"बारीक दिसतं."

"बघ!" काका पुतण्याकडे वळले. "मी सांगत नव्हतो? परक्या माणसालासुद्धा दिसतं!"

झालं होतं ते असं. दीड वर्षापूर्वी मुगालुला चांगला भरलेला होता. रस्त्यात भेटेल तो म्हणायचा, "काय रे, जाड झालास!" आणि मुगालुला आभार मानायचा. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. मग बाजारात रक्तदानाचं शिबिर आलं. रक्त दिलं की थंडगार गोड सोडा आणि बिस्किटं फुकट, म्हणून हा रांगेत उभा राहिला. तिथल्या बाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, परत पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "तुमचं रक्त आम्हाला नको." सोडा मात्र दयेपोटी दिला. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा सोडा.

दवाखान्यातली डॉक्टरीण त्याच्याच वयाची होती. ती म्हणाली, "प्रेशर इतक्या तरुणपणी आलं की ते एकटं असेलच असं नाही. भावंडंही बरोबर असतात. सगळंच तपासू." तपासलं. भावंडं घरीच होती. साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं. मुगालुलाला कधी साधं डोकंही दुखलं नव्हतं. त्याने गोळ्या सुरू केल्या. मीठ, साखर, तळण सोडलं. दुकानाला चालत जाऊ लागला आणि वर्षभरात निम्मा झाला.

इथे घोळ झाला. आमच्याकडे एड्स आला तेव्हा लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं 'सिलीमु', म्हणजे सडपातळपणा. आता त्या रोगाच्या गोळ्या घेणारे लोक गुटगुटीत असतात, पोरंबाळं वाढवतात, माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिकांचे गाल बघा. पण नाव राहिलं ते राहिलं. तरुण माणूस बारीक झाला की आळी हळूच आवाज खाली आणते.

"आणि लोकांना सांगायचं तरी काय?" काका तळमळून म्हणाले. "प्रेशर म्हाताऱ्यांना होतं. साखर श्रीमंतांना होते. हा दोन्ही नाही. आणि ते तिसरं काय रे?"

"कोलेस्टेरॉल," मुगालुला म्हणाला.

"ते तर नावावरूनच आपलं वाटत नाही!"

काकांची योजना तयार होती. मुलीच्या आत्याने मुगालुलाला पाहिलं होतं ते जाड असताना, आणि मागणीच्या दिवशी गर्दीतून जावई शोधून काढायचा मान आत्याचा. तिला तो तसाच दिसायला हवा. काकूंनी गादीवाल्याकडून स्पंज आणून एक बंडी शिवली होती. ती अंगात, तिच्यावर पांढरा पायघोळ कांझू, वर कोट. तिथे जे वाढतील ते पोटभर खायचं, गोळ्यांचं नाव काढायचं नाही.

"आणि लग्नानंतर?" मुगालुलाने विचारलं. "बंडी घालूनच झोपू?"

"लग्नानंतर माणूस वाळतोच. त्याला कुणी कारण विचारत नाही."

"काका, मी खोटं बोलणार नाही."

"तुला बोलायचंच नाहीये! बोलणार हे!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी धंदेवाईक माणूस. म्हणालो, "बंडी मापाची आहे ना?"

मागणी ठरली ती नोव्हेंबरात, म्हणजे ऐन नाकतोड्यांच्या दिवसांत. मसाकाकडे त्या दिवसांत लोक रात्रभर दिवे लावून, पत्रे उभारून, खाली पिंपं ठेवून नाकतोडे पकडतात आणि दिवसभर खातात. कांद्यावर परतलेल्या नाकतोड्यांची ताटं मांडवात फिरत होती आणि वास असा सुटला होता की मला माझ्या भाषणाचे मुद्दे आठवेनात.

आमच्या मंडपाशी मात्र ताट येत नव्हतं. एक मुलगी चुकून आली, तर मागून म्हातारी ओरडली, "अगं ए, तिकडे नको! ते नाकतोड्याचे आहेत!" मुलीने जीभ चावली, गुडघे टेकून माफी मागितली आणि वळसा घालून गेली. बरोबरच होतं. मुगालुलाचं कुळ नाकतोड्याचं. नाकतोडा त्यांचं देवक, आणि देवक कुणी खात नाही. मी दुसऱ्या कुळाचा असूनही त्यांच्यात बसल्यामुळे उपाशी राहिलो, एवढीच माझी तक्रार.

मुलीकडून बोलायला नाम्पीमाबाई होत्या. ही बाई समोर असली की मी दोन दिवस आधीपासून गरम पाण्याच्या गुळण्या करतो.

"हे कोण लोक आलेत?" त्यांनी सुरुवात केली. "बस चुकली का यांची?"

"बस बरोबर आली, बाई. तुमच्या अंगणात एक फूल उमललंय असं ऐकलं."

"आमच्या अंगणात केळी आहेत. केळी हवीत तर बाजार मागे राहिला. आणि तुमच्याकडे बघून वाटत नाही की तुम्हाला काही खायला मिळायचं बाकी आहे."

मांडव हसला. मीही पोटावर हात फिरवला. असं तासभर छान चाललं. मग त्यांनी मुलीच्या नामुली आत्याला पुढे केलं. "जा, आत्याबाई, आपला जावई या गर्दीत कुठे आहे का बघा."

आत्याबाई म्हणजे भारदस्त बाई. बाकांच्या ओळीतून त्या चालल्या तशी माणसं आपापले पाय आत घेऊ लागली. मुगालुलासमोर त्या थांबल्या.

"चेहरा तोच," त्या म्हणाल्या. "गाल कुठे गेले?"

मुगालुलाने काकांकडे बघितलं.

"अंग मात्र आहे," असं म्हणून त्यांनी प्रेमाने त्याच्या बरगडीला चिमटा घेतला.

आता भर दुपार, नोव्हेंबरची उमस, कोट, कांझू आणि त्याखाली स्पंज. बंडी सकाळपासून घाम पीत होती. आत्याबाईंनी चिमटा घेतला तसा तिने तो सोडला. कांझूच्या खालून धार लागली आणि पायाशी थारोळं झालं.

आत्याबाईंनी हात मागे घेतला, बोटं हुंगली. मग दोन्ही हातांनी त्याची छाती दाबून बघितली.

"अहो, हा जावई आहे की गादी?"

मांडवात हसू फुटायला हवं होतं. फुटलं नाही. कारण मुलीचे वडील उठले होते. काटेंडेसाहेब, कॉफीच्या बागा, आवाज कधी न चढवणारा माणूस. अशी माणसं उठली की वाजंत्रीवालेसुद्धा गप्प बसतात.

"सालोंगो," ते म्हणाले, "मी मुलगी देतोय, गादी घेत नाहीये. मुलाला कसला आजार आहे?"

मी तोंड उघडलं. तिथे 'थंडी' हा शब्द तयार होता. घामाचं थारोळं माझ्या बुटापर्यंत येत होतं आणि मी थंडी म्हणणार होतो. इतका माझा अनुभव.

"थांबा, सालोंगो," मुगालुला म्हणाला आणि उभा राहिला. काकांनी त्याचा कोट धरला. त्याने कोट काकांच्या हातातच सोडला. मग कांझूच्या गळ्यातून हात घालून तो बंडीशी झटू लागला. तिची शिवण काकूंची, सहजी सुटणारी नव्हती. शेवटी ती एकदाची बाहेर आली आणि त्याने ती आत्याबाईंच्या पायापाशी टाकली. कांझू अंगावर लोंबत होता. आता तो होता तेवढाच दिसत होता.

"मला प्रेशर आहे," तो म्हणाला. "साखर आहे. रक्तात चरबी आहे. वय अठ्ठावीस. सिलीमु नाही, आणि असता तरी असाच सांगितला असता, त्यातही लाजायचं काही नाही. तिन्हीच्या गोळ्या रोज घेतो, घेत राहणार. नान्तेझाला सगळं पहिल्यापासून माहीत आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरच्यांना वाटलं की लग्न माझ्या वजनाशी आहे."

"नवरा मुलगा बोलला!" नाम्पीमाबाई भानावर आल्या. "दंड!"

"भरतो. पण अजून बोलायचंय. सगळ्याचा मिळून एकदाच घ्या."

काटेंडेसाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजारी जावई चालेल," ते म्हणाले. "आजार कुणाला नसतो. पण तू मीठ खाणार नाहीस, गोड खाणार नाहीस, तेलातलं खाणार नाहीस. उद्या माझ्या घरी आलास, तुझ्या सासूने केळीच्या पानात मटण शिजवून पुढे ठेवलं, आणि तू ताट मागे सारलंस, तर तो अपमान मी कुठे ठेवू? न जेवणारा जावई मला नको."

मांडवभर माना हलल्या. आमच्या बाजूच्याही हलल्या. सगळं फिरून इथेच आलं होतं. एका ताटावर.

"खातो म्हण," काका कुजबुजले. कंपालापर्यंत ऐकू जाईल असं. "खातो म्हण! एका दिवसाने कुणी मरत नाही!"

"एक दिवस कुठे, काका? शनिवारी मागणी, रविवारी बारसं, सोमवारी कुणाचं तरी मयत. सगळीकडे एक दिवसच असतो." मग तो सासऱ्यांकडे वळला. "बाबा, सकाळपासून नाकतोड्याचं ताट आमच्या मंडपाला वळसा घालून जातंय. ती मुलगी चुकून आली तर तिने माफी मागितली. कुणी म्हणालं नाही, एक दिवस खा. तुमचा अपमान झाला का?"

"ते देवक आहे."

"हेही देवक समजा. माझी आता चार देवकं. नाकतोडा, मीठ, साखर, तेल."

म्हातारे खवळले. "देवक काय बाजारात मिळतं?" "देवक पूर्वज देतात!" "उद्या म्हणशील काम करणं माझं देवक!"

आता खरं तर मी बसायला हवं होतं. वक्त्याचं काम मुलगी मिळवणं, देवकांवर वाद घालणं नव्हे. पण तीस वर्षं मी इतर लोकांच्या मुलांसाठी खोटं बोललो आणि इथे एक मुलगा फुकट खरं बोलत होता. मला जरा धंद्याचा अपमान वाटला.

"मंडळी," मी म्हणालो, "आपापल्या कुळाची गोष्ट आठवा. कितीतरी गोष्टींत कुणीतरी पूर्वज काहीतरी खातो. खाऊन आजारी पडतो. मग म्हणतो, माझ्या वंशात हे कुणी खायचं नाही. तेव्हा आपण त्याला काय म्हणालो? एक दिवस खाऊन बघ म्हणालो? नाही. ढोल वाजवले. हा मुलगाही खाऊन आजारी पडला आणि म्हणतो, खाणार नाही. फरक एवढाच की तो अजून जिवंत आहे. पूर्वज व्हायला वेळ लागतो, साहेब. सगळे आधी अठ्ठावीस वर्षांचेच असतात."

कुठेतरी एक म्हातारा हसला. मला वाटलं, जिंकलो. असं वाटलं की मी नाम्पीमाबाईंकडे बघत नाही, ही माझी जुनी खोड.

"सुंदर," नाम्पीमाबाई म्हणाल्या. "डोळे पाणावले. एक सांगा, सालोंगो, फाटकाबाहेर तुमचा ट्रक उभा आहे, त्यात भेटी काय काय आणल्यात?"

मी खोकलो.

"मोठ्याने सांगा, मागच्यांना ऐकू येत नाही."

"साखर," मी म्हणालो.

"पोती भरून साखर. आणि?"

"मीठ."

"आणि?"

"...तेल."

"डबे भरून तेल! नाकतोड्याच्या कुळातला माणूस सासऱ्याच्या दारात नाकतोडे भरून आणतो का हो? जे तुमचं देवक, तेच आमच्या डोक्यावर?"

मांडव कोसळेल असा हसला. रीतीप्रमाणे साखर-मीठ-तेल न्यावंच लागतं, म्हणून आम्ही नेलं होतं. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या त्या मुलाच्याही नाही.

मुगालुला ओशाळला. मग म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. चूक माझी. ट्रक परत पाठवतो."

हसू थांबलं. काकांनी कपाळावर हात मारला.

"भेट फाटकातून माघारी गेली की बोलणी मोडतात," काटेंडेसाहेब हळूच म्हणाले. "माहीत आहे ना?"

"माहीत आहे, बाबा." त्याची मान खाली गेली नाही. "मला नान्तेझा हवी आहे. पण खोटं खाऊन आत येण्यापेक्षा खरं बोलून बाहेर जाईन. आणि पुन्हा येईन. पुढच्या खेपेला केळी आणि भाज्या घेऊन. पुन्हा हाकला, पुन्हा येईन." आणि तो खरंच फाटकाकडे चालू लागला.

"ए, थांब!" नामुली आत्या गरजल्या. "साखरेला हात लावायचा नाही!"

सगळे वळले.

"नाम्पीमा, तू बोलतेस छान, पण तुझं लक्ष बोलण्याकडेच असतं," आत्याबाई म्हणाल्या. "आज सकाळपासून जे नाकतोडे चावतेस, ते पकडले कुणी?"

नाम्पीमाबाईंनी ओठाला चिकटलेला एक पंख पुसला. "शेजारच्या मुकीबीने."

"त्याचं कुळ?"

नाम्पीमाबाई ओठावर दुसरा पंख शोधू लागल्या. उत्तर मागून कुणीतरी दिलं, "नाकतोडा!"

"नाकतोडा! दर वर्षी या गावात सगळ्यात उंच पत्रे त्याचे. एक नाकतोडा तोंडात घालत नाही आणि पिंपं भरून आपल्याला देतो. त्याला कुणी म्हणालं, देवक आमच्या डोक्यावर का? देवक त्याचं, नाकतोडे आपले. तसंच साखर न खाणं जावयाचं, साखर माझी. माझ्या चहाचं काही देवक नाही." त्या भावाकडे वळल्या. "दादा, पोती आत घे. आणि मुलाकडे नीट बघ. उभ्या गावासमोर अंगातला स्पंज काढून फेकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. इथे बसलेल्या निम्म्यांच्या अंगात आहे."

काटेंडेसाहेब काही बोलायच्या आत घराच्या दारातून नान्तेझा बाहेर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, वाजंत्री वाजली नव्हती, मैत्रिणींची रांग नव्हती. नाम्पीमाबाई नुसत्याच "दंड" पुटपुटल्या.

तिच्या हातात, जावई पसंत झाला की त्याच्या कोटाला लावायचं ते फूल होतं. ती वडिलांसमोर गुडघे टेकून बसली.

"बाबा, नवऱ्याचं देवक बायकोच्या चुलीवर शिजत नाही. हे आत्यानेच शिकवलंय. माझ्या चुलीवर चारही शिजणार नाहीत. तुमच्या चुलीचं तुम्ही ठरवा."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर जाते. पुढचं पुढे."

काटेंडेसाहेब खुर्चीत बसले. टोपी काढली, परत घातली.

"मासा खातो का तो?" त्यांनी शेवटी विचारलं.

"वाफवलेला," नान्तेझा म्हणाली. "मिठाशिवाय."

"मिठाशिवाय," साहेब स्वतःशी म्हणाले, एखाद्या परक्या देशाचं नाव उच्चारावं तसं. मग घराकडे बघून ओरडले. त्यांना ओरडताना गावाने पहिल्यांदाच ऐकलं. "अहो! जावयाचा मासा वेगळा काढा!"

कोट अजून काकांच्या हातात होता, म्हणून नान्तेझाने फूल कांझूलाच टोचलं. ढोल वाजले. काका रडले आणि म्हणाले की त्यांची योजना पहिल्यापासून हीच होती.

राहिला दंड. दोन दंड, नवरा बोलला त्याचा आणि नवरी न बोलावता आली त्याचा. नाम्पीमाबाई हटून बसल्या. तडजोड आत्याबाईंनी केली. दोन्हींच्या बदल्यात त्यांनी ती बंडी ठेवून घेतली, उन्हात वाळवली आणि खोळ घातली. अजून त्या तिच्यावरच बसतात. कमरेला फार आराम आहे म्हणतात.

त्यानंतर वर्षभराने त्याच घरी आम्ही बारशाला गेलो. जेवणाच्या वेळी एक लहान मुलगी मिठाची वाटी घेऊन पंगतीत फिरत होती. मुगालुलापाशी आली तशी मागून म्हातारी ओरडली, "अगं ए, तिकडे नको! ते मिठाचे आहेत!"

मुलीने जीभ चावली, गुडघे टेकून माफी मागितली आणि वळसा घालून पुढे आली. मग तिने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली.